फारिसच्या भिंतीतला दगड

जेरुसलेम, १२ ऑगस्ट १९३६

ती. मसूदाताईस,
धाकट्या ओवाद्याचे शालोम वि. वि.

इकडे क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. अरबांचा हरताळ चालूच आहे, बसवर दगड पडतात. तुझ्या भावजयीच्या, हेडविगच्या, डोळ्याचं पाणी खळत नाही. तिचे वडील जर्मनीत ब्रेस्लाऊला अडकलेत. एवढे मोठे डॉक्टर, पण ज्यू म्हणून दवाखान्याला टाळं लागलं. इथे यायचा परवाना मिळत नाही.

पत्राचं कारण असं की लंडनहून चौकशी मंडळ येणार आहे. या भूमीवर कुणाचा काय हक्क, ते विचारणार, आणि पुढचे परवाने त्यावर ठरणार. आमची ज्यू संस्थेची कचेरी पुरावे जमवते आहे. ग्रंथ ढीगभर आहेत, पण साहेबाला हाताला लागेल असं काही हवं. रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर जाळलं तेव्हा जे पुरोहित गालीलच्या डोंगरात पळाले, त्यांचे आपण वंशज, असं बाबा सांगायचे. आणि आपल्या पणजोबांनी शेजारच्या अरबाला, फारिसच्या आजोबांना, विकलेल्या घराच्या भिंतीत, गोठ्याच्या दारावर, त्या मंदिरातली सात फांद्यांची दिवटी कोरलेला दगड आहे. तो इकडे आणायचा आहे. फारिसशी तू बोल.

लोभ आहेच, तो या कामी दिसावा.

तुझा
ओवाद्या

ऐन-जोझ, २३ ऑगस्ट १९३६

चि. ओवाद्यास आशीर्वाद. ‘अनेक’ लिहिणार होते, पण तुझं पत्र पुन्हा वाचलं.

शहाणा झालास. बारा वर्षांत एका सणाला गावाकडे फिरकला नाहीस, आणि आता पूर्वज आठवले? आपली नऊ घरं इथे आहेत ती दगडाच्या जोरावर नाहीत. फारिसच्या झाडांचे ऑलिव्ह आम्ही झोडतो, आमच्या बायकांच्या बाळंतपणाला त्याची आई धावते, म्हणून आहेत. ती म्हातारी दरवर्षी भिंतीला चुना देते आणि दिवटीवर थेंब पडू देत नाही. तिला विचारलं तर म्हणते, घराची राखण आहे.

आणि दिवस कसले आहेत, तुला कळतं का? डोंगरातून बंदूकवाले येतात आणि गावात ज्यू किती ते विचारतात. फारिस त्यांना सांगतो, हे आमच्यातलेच आहेत, जुने आहेत. आणि मी त्याला जाऊन सांगू, तुझी भिंत फोड?

तुझ्या सासऱ्याला आसरा हवाय ना? मग आसरा मागा. माझ्या शेजाऱ्याच्या गोठ्यात कशाला हात घालता?

हेडविगला माझा लोभ. तुझं नंतर बघू.

मसूदा

जेरुसलेम, ४ सप्टेंबर १९३६

ती. ताईस शालोम.

आसरा मागा म्हणे! आसरा मागणाऱ्याच्या तोंडावर दार लावतात, ताई. हक्क सांगणाऱ्याला निदान उत्तर तरी द्यावं लागतं. हैफाच्या बंदरात बोटीच्या कठड्याला धरून उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना परत पाठवलं. आम्ही कुठून तरी उपटलेले पाहुणे आहोत असं रोज छापून येतं. ज्या मातीचं नाव घेऊन आपण दिवसातून तीन वेळा प्रार्थना करतो, तिथले आपण पाहुणे?

तुला फारिसची भिंत दिसते, मला ती बोट दिसते. तू शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर जगतेस आणि तिला आपलेपणा म्हणतेस. मेहेरबानी एका रात्रीत संपते.

दगडाचं आम्ही पाहून घेऊ. तू मध्ये पडू नकोस.

ओवाद्या

हैफा, १२ ऑक्टोबर १९३६

ओवाद्या,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. काय झालं ते मात्र लिहिते.

मांडवांच्या सणाच्या दोन दिवस आधी भर दुपारी तुझी चार माणसं लॉरी घेऊन आली. सगळं गाव रानात होतं. त्यांनी पहारी लावल्या. दगड निघाला, आणि त्याच्याबरोबर दाराची कमान खाली आली. फारिसची आई आतल्या शेळ्या सोडवायला धावली होती. तिचा उजवा हात मनगटापासून चेचला. त्या हातानं तुझी नाळ कापली होती. तुझ्या माणसांनी दगड लॉरीत घातला आणि निघून गेली. म्हातारी ओरडत होती, तरी मागे वळून कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बंदूकवाले आले. या वेळी फारिस काही बोलला नाही. दिवस मावळायच्या आत नऊही घरं रिकामी करा, असं आम्हाला सांगितलं. आम्ही अर्धे उभारलेले मांडव तसेच टाकले आणि चालू लागलो.

फारिस हमरस्त्यापर्यंत आमच्यासोबत आला. वाटेत कुणी अंगावर येऊ नये म्हणून आला, हे मला कळत होतं. पण त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. निरोप घेताना म्हणाला, हा दगड कुणाचा, हे आजवर गावात कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या भावानं विचारलं. आता सगळेच विचारतील.

मेहेरबानी एका रात्रीत संपते, असं तू लिहिलं होतंस. खरं निघालं. शाबास.

इथे प्रार्थनामंदिराच्या तळघरात सतरा माणसं झोपतो.

मसूदा

जेरुसलेम, २० ऑक्टोबर १९३६

ती. ताईस,

त्या माणसांना मी रीतसर परवानगी काढून या म्हणालो होतो. त्यांनी घाई केली. म्हातारीचं ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण बंदुका माझ्या नव्हत्या, ताई. गाव तुम्हाला हाकलायला टेकलंच होतं, दगड निमित्त झाला. हे तुला पटणार नाही, तरी लिहितो.

सोबत तुझ्या नावाची साक्ष पाठवली आहे. तीत एकच वाक्य महत्त्वाचं आहे: ‘मंदिर पडल्यापासून आजतागायत आमचं घराणं या भूमीतलं आपलं गाव सोडून कधीही गेलेलं नाही.’ खाली सही कर. हेडविगच्या वडिलांसाठी तरी कर. त्यांची तुझ्याशी काही दुश्मनी नाही.

रागावलीस तरी तुझाच,
ओवाद्या

हैफा, २ नोव्हेंबर १९३६

ओवाद्या,

सही केली आहे. त्या डॉक्टरांनी माझं काही वाईट केलेलं नाही, आणि बाबा खोटं सांगत नव्हते. साहेबानं बोलावलं तर मी येईन आणि पुरोहितांपासून सगळं सांगेन. कुणी माझा हक्क खोटा म्हणालं तर त्याच्याशीही भांडेन. तुझ्याशी भांडण वेगळं आहे, ते मिटायचं नाही.

तुझ्या वाक्यात एक दुरुस्ती मात्र केली आहे. ‘नाही’ खोडून ‘नव्हतं’ लिहिलं आहे.

लोभ मागू नकोस.

मसूदा