लिंबाखालची खुर्ची

१ मार्च, सकाळ

रिटायर होऊन महिना झाला. विश्रांती पुरे. गंजण्यापेक्षा झिजलेलं बरं, असं कुणीतरी म्हटलंय. बहुधा मीच, निरोप समारंभाच्या भाषणात.

आजपासून प्रोजेक्ट: शून्य कचरा. घरातून एक कण बाहेर जाणार नाही. ओलं ते खतात, सुकं ते पुनर्वापरात, उरलेलं बागेच्या सजावटीत. पॅकेजिंग कंपनीत उभी हयात प्लॅनिंग केलंय. दोन माणसांच्या घराचा कचरा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

बायकोला प्लॅन सांगितला. ती हॉस्पिटलात हेड नर्स. मेअखेर रिटायर होतेय. ती पायांना तेल चोळत होती. म्हणाली, माझं आयुष्य वॉर्डात उभ्याने गेलं. मला फक्त मागच्या अंगणात लिंबाखाली बसून चहा प्यायचाय, कुणी हाक न मारता. माळ्यावर माझी वेताची खुर्ची आहे, पहिल्या पगारातली. तेवढी विणून आणा. बाकी तुमचं काय ते चालू द्या.

माफक मागणी. पण खुर्ची हा तपशील झाला. आधी सिस्टिम उभी राहिली पाहिजे.

३ मार्च

बाजारातून आणलं: खताचा ड्रम, कचरा लवकर कुजवणाऱ्या कल्चरची पाकिटं, पाच रंगांचे पाच डबे, खुरपी, हातमोजे, फवारणीचा पंप. प्रत्येक वस्तू खोक्यात, खोक्यात थर्माकोल, थर्माकोलवर प्लास्टिक. पॅकिंग अव्वल होतं. धंद्यातला माणूस म्हणून मनातल्या मनात दाद दिली.

बायको म्हणाली, आपल्या घरात एका दिवसात एवढा कचरा लग्नानंतर पहिल्यांदाच झाला. ही प्राथमिक गुंतवणूक असते. तिला मॅनेजमेंटचं अंग नाही.

लिंबामागे तिचा एक खड्डा आहे. चहाचा चोथा, भाजीची देठं, त्यावर वाळका पाला. वर्षानुवर्षं येता-जाता टाकत आलीय. ना मोजमाप, ना देखरेख. अगदीच अशास्त्रीय. सध्या डोळेझाक करतोय. ड्रम लागला की खड्डा बंद.

४ मार्च

ड्रम भरला. जेवणाआधी उघडून पाहिला. काही नाही. जेवणानंतर पाहिला. काही नाही. चहाच्या वेळी काठीने ढवळला. संध्याकाळी परत ढवळला, उलट दिशेने.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, खत व्हायला महिने लागतात, पी हळद नि हो गोरी असं नसतं. तुम्ही जरा बसा ना. पाकिटावरही तेच छापलंय म्हणाली. पाकिटावरचं सामान्य ग्राहकासाठी असतं.

१० मार्च

खत तापलं पाहिजे असं वाचलं. घरातल्या ताप मोजायच्या थर्मामीटरने तपासलं. पारा जागचा हलला नाही. दिवसभरात बऱ्याचदा तपासलं, परिणाम तोच.

बायकोने थर्मामीटर ओळखला. वासावरून. विचारलं, काय निघालं? म्हटलं, गार लागतोय. म्हणाली, मग पेशंट गेला. आणि हात धुवायला गेली. नर्स लोकांचा विनोद जरा रुक्षच असतो.

१८ मार्च

ड्रमचा वास आता अंगणभर येऊ लागलाय. ही सक्रियतेची खूण. बारीक माश्याही आहेत. त्याही सक्रिय.

ओल जास्त झाली असं वाटून भुसा घातला. कोरडं झालं असं वाटून पाणी घातलं. मग पुन्हा भुसा. आता ड्रमचं झाकण बसत नाही.

२६ मार्च

ड्रमच्या तळाला तपकिरी पाणी जमलं. याला द्रवरूप खत म्हणतात. बाहेर लोक पैसे मोजून घेतात. पंपात भरून फवारलं. वारा अचानक फिरला. भिंतीपलीकडे शेजारच्या वहिनींच्या चादरी वाळत होत्या.

वहिनी भिंतीवरून म्हणाल्या, भावोजी, तुम्ही ऑफिसला जात होता तेव्हा बरं होतं हो. आधी वास, मग माश्या, आता हे. तो ड्रम हलला नाही तर मी वॉर्ड ऑफिसात कळवणार. मी त्यांना समजावलं की पांढऱ्या चादरींची फॅशन आता गेली. बोलणं तिथेच संपलं. समजल्या असाव्यात.

२८ मार्च

व्यूहात्मक निर्णय: ड्रमचं विलीनीकरण. बायको ड्यूटीवर असताना सगळा माल तिच्या खड्ड्यात ओतला आणि वरून पाला पसरला. याला माघार म्हणत नाहीत. लहान युनिट मोठ्या युनिटमध्ये सामावून घेतात, आमच्या कंपनीचंही तसंच झालं होतं. मी तेव्हाच बाहेर पडलो.

रिकामा ड्रम धुऊन लिंबाखाली ठेवलाय. पुढे उपयोगी पडेल. आता संपूर्ण लक्ष सुक्या विभागावर.

५ एप्रिल

घरात पुरेसा सुका कचरा निघत नाही. कच्च्या मालाअभावी उत्पादन ठप्प. भंगारवाल्याला गाठलं. प्लास्टिकच्या बाटल्या, दोन टायर, लाकडी फळ्या, एक सिंक. तो म्हणाला, काका, लोक मला विकतात, तुम्ही माझ्याकडून विकत घेताय, बघा बुवा. मी त्याला पुनर्वापराचं अर्थशास्त्र समजावून सांगितलं. त्याला ते लगेच पटलं. हुशार माणूस.

११ एप्रिल

भंगारवाला आता दारात येऊन हाक मारतो. आज सायकलचा सांगाडा घेऊन आला होता. खास तुमच्यासाठी बाजूला काढला म्हणाला. नाही कसं म्हणणार? एक प्रकारचं नातं तयार झालंय.

बायकोने विचारलं, खुर्ची दिली का विणायला? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. तिने अंगणाकडे पाहिलं. म्हणाली, आणि ठेवणार कुठे ती?

नकारात्मक दृष्टिकोन. ड्रम आणि फळ्या यांच्यामध्ये जागा आहे. अंग तिरकं करून गेलं की माणूस सहज मावतो.

१६ एप्रिल

हँगिंग गार्डन. बाटल्या कापून दोऱ्यांनी लिंबाला टांगल्या, प्रत्येकीत माती, मातीत रोप. वरच्या बाटलीत पाणी घातलं की झिरपत खालपर्यंत जातं. खालच्या बाटलीनंतर ते कुठे जाईल याचा विचार वाचलेल्या लेखात नव्हता. बायको सकाळी तयार होऊन मागच्या दाराने कामाला निघाली ती लिंबाखालून. परत येऊन साडी बदलली. मग पुढच्या दाराने गेली, घाईत होती.

२४ एप्रिल

आज हात शिवशिवत होते. सकाळपासून तीनदा बाटल्या मोजल्या, दोनदा दोऱ्या बदलल्या. मग माळ्यावर चढलो. आणि काय सापडावं? एक जुनी वेताची खुर्ची, बसायची जागा पार फाटलेली. कधीची पडलीय कोण जाणे. अशा निरुपयोगी वस्तू सांभाळून ठेवण्यानेच घरं तुंबतात.

फाटकं वेत कापून काढलं. भोकात एक गोल टब ठोकून बसवला, अगदी फिट्ट. टबात माती, मातीत फुलझाड. खुर्चीची कुंडी. लिंबाखाली दर्शनी भागी ठेवली. आतापर्यंतचं माझं सर्वोत्तम काम.

संध्याकाळ

बायको आली. खुर्चीसमोर बराच वेळ उभी राहिली. खुर्चीच्या हातावर हात ठेवून. मी म्हटलं, कशी वाटली? तिने विचारलं, ही कुठली, माहीत आहे? म्हटलं, माळ्यावरची. ती हो म्हणाली. आणि आत गेली.

भारावली असावी.

२५ एप्रिल

सहज १ मार्चची नोंद चाळली.

मुळात मागणी तोंडी होती. कंपनीत लेखी ऑर्डरशिवाय आम्ही साधं खोकंसुद्धा उचलत नसू. शिवाय माझ्या डोक्यात एकाच वेळी अनेक विभाग होते. चूक असेलच तर ती संवादाची आहे, आणि संवाद म्हटला की दोन बाजू आल्या.

बायकोने चहा दिला. साखर नव्हती. मी मागितली नाही.

३ मे

उपाय सापडला. टायरवर दोरी गुंडाळून आसन. वेतापेक्षा टिकाऊ, धुता येतं. ती रिटायर होईल त्या संध्याकाळी अनावरण. तोवर अंगण असं सजवीन की ती खुर्ची विसरेल.

वेताचं काम करणाऱ्या कारागिराला फोन केला, नुसती चौकशी म्हणून. म्हणाला, नवीन विणता येईल, पण चौकट शाबूत हवी, काही ठोकलं-बिकलं नाही ना? मी फोन ठेवला.

१४ मे

दोरी गुंडाळली. सैल झाली. पुन्हा गुंडाळली. बसलो की मध्ये खळगा पडतो. विटा लावल्या. आता एकीकडे कलतं. कललेलं आसन कमरेला चांगलं असतं, असं कुठेतरी वाचल्याचं आठवतंय.

मध्येच सिंकमध्ये कमळ लावावं असं सुचलं. मग सायकलला रंग दिला. मग रंग आवडला नाही.

२२ मे

बायको हल्ली उशिरा येते. हॉस्पिटलात काम वाढलंय म्हणते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा गेली. विचारलं, तर म्हणाली, तिथे शांत असतं. वॉर्डात! पेशंट, नातेवाईक, घंटा, आणि म्हणे शांत. दमली असेल बिचारी. रिटायर झाली की बरं वाटेल तिला. मग आम्ही दोघं मिळून प्रोजेक्ट पुढे नेऊ. तिच्यासाठी हातमोजे घेऊन ठेवलेत.

३१ मे, दुपार

सगळं सज्ज. अंगणात पाय ठेवायला जागा नाही इतकं भरगच्च झालंय. टायरला रिबन बांधली. सकाळपासून आत-बाहेर करतोय, कितीदा कोण जाणे. लेकीने फोनवर सांगितलं, बाबा, आज तरी आईला बसू द्या. म्हटलं, त्यासाठीच तर हे सगळं.

संध्याकाळ

बायको आली. हातात ना गुच्छ, ना भेटवस्तू. म्हटलं, निरोप समारंभ कसा झाला? म्हणाली, झाला नाही. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, वर्षभर एक्स्टेन्शन घेता का? मी हो म्हणाले.

मी म्हटलं, अगं, पण तुझे पाय? तुला बसायचं होतं ना?

ती म्हणाली, हो ना. तिथे मला खुर्ची आहे.

रिबन मीच सोडली. गुंडाळून ठेवली. पुढे उपयोगी पडेल असं मनात आलं, आणि मग टाकून दिली. डबा कुठला ते पाहिलं नाही.

१ जून, दुपार

बायको ड्यूटीवर. मी ठरवलंय, आज तिची खुर्ची तिला परत. फुलझाड काढलं, माती काढली. टब काही निघेना. मी ठोकलं की काम पक्कंच असतं. मग विचार केला, टब राहू दे, वर उशी ठेवली की झाली सीट. माल पाठवण्याआधी तपासणी झालीच पाहिजे, हा कंपनीचा नियम. म्हणून बसून पाहिलं.

उशी खाली गेली. मागोमाग मी.

थोड्या वेळाने

बूड टबात, गुडघे छातीशी, दोन्ही कुशींना खुर्चीचे हात. उठता येत नाही. फोन आत आहे. वही आणि पेन खिशात, म्हणून लिहितोय. वहिनींना हाक मारता आली असती, पण चादरींपासून आमचं बोलणं नाही.

अजून थोड्या वेळाने

वरची बाटली ठिबकतेय, बरोबर डोक्यावर. उठून दोरी आवळावीशी वाटते. येत नाही. टायर किंचित वाकडा लागलाय. सरळ करावासा वाटतो. येत नाही. सायकलचा रंग खरंच वाईट आहे. इथून फारच दिसतो.

ऊन उतरल्यावर

एवढा वेळ एका जागी मी कधी बसल्याचं आठवत नाही. आधी जीव नुसता तळमळत होता. आता पायांना मुंग्या येऊन त्याही गेल्या. लिंबाला फुलं आलीत, त्यांचा मंद वास येतोय. झाड इतकी वर्षं इथे आहे, मला हे ठाऊक नव्हतं.

समोर बायकोचा खड्डा आहे. ड्रममधला माझा माल त्यात कुठे दिसत नाही. भुसा नाही, साली नाहीत, वासही नाही. काळी, भुसभुशीत माती. त्याला कुणी ढवळलं नव्हतं, कुणी मोजलं नव्हतं. माझं कल्चर उशिरा लागू पडलं असावं.

किंवा नसावं.

संध्याकाळ

बायको आली. अंगणाच्या दारात थांबून माझ्याकडे पाहिलं. मी परिस्थिती समजावून सांगितली आणि म्हटलं, आधी हात दे. ती आत गेली. बाहेर आली ती स्वयंपाकघरातलं स्टूल आणि चहाचा कप घेऊन. एकच कप. ड्रम पायाने बाजूला सारला, स्टूल लिंबाखाली ठेवलं, बसली, चपला काढल्या आणि पाय माझ्या टायरवर टेकवले. टायर तेवढा भार पेलतो, हे नमूद करायला हवं.

मी म्हटलं, अगं, काढ ना मला. म्हणाली, काढते, चहा होऊ दे.

चहा झाला. ती उठली नाही. डोळे मिटून बसली होती. चेहरा असा सैल झालेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. एक्स्टेन्शनचा विषय काढला, डॉक्टरांना नाही सांगता येईल का म्हणून. डोळे न उघडता म्हणाली, आत्ता नको. आत्ता मी बसलेय.

मग म्हणाली, ते लिहिणंसुद्धा थांबवा जरा, पेनचा आवाज होतोय.