सरळ कटिंग

३ मार्च, सोमवार

शेवटी ते काम माझ्याच गळ्यात पडलं. दादाचं दुकान मी आवरायचं असं ठरलं, म्हणजे वहिनीने ठरवलं. "वन्सं, मला तिथे पाऊल टाकवत नाही. तुम्ही बघाल ना?" दादाला जाऊन महिनाही झाला नाही. तिला नाही कसं म्हणू?

शटर वर केलं आणि समोर तोच उभा! किंचाळलेच. पुठ्ठ्याचा पुतळा होता, माणसाएवढा. जांभळा कोट, पांढरे बूट, हातात लिलावाची ती घंटा, आणि डोक्यावर त्याने स्वतःच स्वतःला दिलेलं नाव: 'एक्का आला!' साठी उलटलेल्या माणसाने स्वतःचा पुतळा करून स्वतःच्याच दुकानात उभा करायचा! खेळाडूंच्या चित्रांची कार्डं विकणारा माणूस, पण थाट असा की जणू वर्ल्ड कप हाच जिंकून आलाय. लाज त्याला कधी वाटलीच नाही. आमच्या घरातली सगळी लाज माझ्या वाटणीला आली.

पुतळ्याचं तोंड भिंतीकडे केलं. मग दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. निघताना परत सरळ केला.

४ मार्च

कोट नऊ. पांढरे बूट तेरा. चौदावा कुठे गेला, हे आता कोण सांगणार!

५ मार्च, बुधवार

खालच्या कप्प्यात माझा अल्बम सापडला! निळं कापड, मी स्वतः बांधलेला. छापखान्यात बाइंडिंगला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. दादाचा पंचविसावा वाढदिवस. त्याच्या गादीखाली पत्र्याचा डबा असायचा. त्यात शाळेपासून जमवलेली चाळीस कार्डं, गोळ्यांच्या पाकिटातून निघायची ती. डबा गुपचूप पळवला, छापखान्यात नेला, सगळं स्वच्छ, एकसारखं करून अल्बममध्ये बसवलं. दादाने अल्बम उघडला आणि बराच वेळ गप्पच राहिला. दादा आणि गप्प! मला वाटलं, आवडला नाही. मग एकदम मला उचलून गरागरा फिरवलं आणि अल्बम घेऊन गल्लीभर दाखवत सुटला. "माझ्या बहिणीने केलाय! माझ्या बहिणीने!"

पानांच्या कडेवर ती बारीक रेघ अजून दिसते. त्या वर्षी आमच्या कटिंग मशीनच्या पात्याला खांडा पडला होता आणि मालक पातं बदलत नव्हता. त्यामुळे प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवर केसाएवढी रेघ उमटायची. अजूनही वाचनालयात एखादं जुनं पुस्तक हातात आलं की मी कडेवरून अंगठा फिरवून बघते, आमच्याकडचं आहे का!

अल्बम मात्र रिकामा. चाळीसच्या चाळीस कार्डं गायब. विकली असणार, दुसरं काय! लोकांना दाखवून भाव खाल्लास, आणि मग विकून मोकळा झालास. वाईट वाटलं. या वयात वाटू नये, पण वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

पोस्टमन आले होते. नोकरी सुटून दहा वर्षं झाली तरी त्यांना सगळे पोस्टमनच म्हणतात. दादाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पुतळ्यासमोर उभे राहिले आणि टोपी काढली! मला हसू आवरेना.

मग खुर्चीत बसून सांगत होते. "ताई, माझा पाय मोडला तेव्हा तीन महिने हॉस्पिटलात होतो. दर रविवारी हे हजर! हाच कोट, हीच घंटा. वॉर्डात लिलाव मांडायचे. बोली बिस्किटांत! शेजारच्या आजोबांनी सहा बिस्किटांना सेंटर फॉरवर्ड घेतला. नर्सबाईंनी हाकलून दिलं, तर पुढच्या रविवारी त्यांच्याचसाठी पाकीट घेऊन आले." हे सगळं मला आत्ता कळतंय. मी हॉस्पिटलात एकदाच गेले होते, तेही केळी देऊन पळाले होते.

भिंतीवर काचेच्या चौकटीत ते कार्ड आहे: उंच गोलकीपर, हवेत आडवा, चेंडू बोटांच्या टोकावर. खाली दादाच्या अक्षरात पाटी, 'विकायचं नाही'. लोक लांबून फक्त ते बघायला यायचे. पोस्टमन म्हणाले, "बोटीवरच्या कप्तानाकडून पैजेत जिंकलेलं." मला दादाने सांगितलं होतं की एका म्हातारीच्या ट्रंकेत सापडलं. वहिनीला सांगितलं, खुद्द गोलकीपरने दिलं. एका कार्डाचे तीन जन्म! थापा मारायच्याच तर निदान एकच थाप मारायची.

८ मार्च, शनिवार

आज मोजपट्टी आले. संग्राहक मंडळाचे सेक्रेटरी. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून दादानेच ठेवलेलं नाव. शिडशिडीत, इस्त्रीचे, पाणीसुद्धा मोजून प्यायले.

दादाने मृत्युपत्रात सगळी कपाटं आणि कार्डं मंडळाला दिली आहेत. त्यासाठी वाचनालयात एक खोली मिळाली. तिच्या दारावर दादाचं नाव लावायचं असं बऱ्याच जणांचं म्हणणं. मोजपट्टींचा विरोध.

"बाई, मी स्पष्ट बोलतो. जुन्या कार्डाचे कोपरे झिजतात, कडा फाटतात. लबाड व्यापारी त्या कापून टाकतो, म्हणजे कार्ड कोरं दिसतं. आमच्यात याहून मोठं पाप नाही. कापलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड." आणि बोट गोलकीपरकडे! "ते कापलेलं आहे. मी पंधरा जणांसमोर तोंडावर विचारलं होतं. तर हे लाजायचं सोडून म्हणतात, 'बघा तरी, किती सरळ कटिंग आहे! असं मारायला हात लागतो!' आता याला कबुली नाही तर काय म्हणायचं?"

तेव्हापासून पाठीमागे सगळे दादाला 'कटिंगमास्तर' म्हणायचे म्हणे. मला आजवर वाटत होतं की केस फार बारीक कापून घेतो म्हणून म्हणतात!

रविवारी, १६ तारखेला, सभा आहे. कार्ड मी न्यायचं, सगळ्यांसमोर मोजायचं. कापलेलं निघालं तर दारावर नाव नाही.

आणीन म्हटलं. कारण ते वाक्य शंभर टक्के दादाचंच. मला त्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

९ मार्च, रविवार

वहिनीकडे. तिला सांगावंच लागलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. "एवढं एक नाव दारावर लागू दे, वन्सं. मी दुसरं काही मागत नाही. आयुष्यभर लोकांनी ह्यांना तमाशा म्हणून बघितलं."

"आणि कापलेलं असेल तर?"

"ह्यांनी? अहो, पाव कापायला दिला तर बोट कापून घ्यायचे!"

बायको दुसरं काय म्हणणार?

११ मार्च, मंगळवार

टेबलाचा खण अडकत होता. ओढून काढला तर मागे शाळेची वही. उघडली.

सह्या. पानंच्या पानं सह्या. त्या गोलकीपरच्या, सेंटर फॉरवर्डच्या, आणखी कुणाकुणाच्या. पहिल्या पानांवर थरथरत्या, अडखळत. शेवटच्या पानांवर झोकात! आणि प्रत्येकीखाली ती शेपटी ओढलेली. दादा माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर ओढायचा, तीच.

म्हणजे सहीची म्हणून विकलेली कार्डं... पोस्टमनच्या घरी तसली दोन आहेत.

दादा, काय केलंस रे हे!

१२ मार्च

वही पिशवीत. पिशवी दाराला टांगली आहे. दुकानात गेले नाही, जेवलेही नाही.

१३ मार्च, गुरुवार

वही वहिनीपुढे आपटली. तिने उघडलीसुद्धा नाही.

"ठाऊक आहे मला. दोन वर्षं चाललं होतं ते."

"आणि तू गप्प बसलीस?"

"भांडले. मुलांना घेऊन माहेरी जाऊन बसले. तुम्हाला सांगितलं होतं, आईला बरं नाही म्हणून." वही बाजूला सारली. "पैशाचंही होतंच, नाही म्हणत नाही. पण ह्यांना चटक लागली ती चेहऱ्यांची. सहीचं कार्ड हातात ठेवलं की समोरचा माणूस कसा उजळायचा! मग एकदा पोस्टमननी घरी बोलावलं. त्यांनी ते कार्ड त्यांच्या आईच्या फोटोशेजारी लावलेलं. ह्यांनी ते बघितलं आणि चहाही न घेता परत आले. त्यानंतर कधी केलं नाही."

"पण पोस्टमनला सांगितलंही नाही."

"नाही. तेवढी छाती नव्हती."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सह्या केल्या, ते मी नाकारणार नाही. पण कापलं नाही. मी विचारलं होतं, मग कोणी कापलं? तर हसायचे आणि म्हणायचे, कटिंग झकास आहे, एवढं पुरे."

चिडून निघून आले. ज्याने सह्या केल्या त्याला कात्रीचं काय वावडं! रस्ताभर हेच मनात. आणि तरी ते हॉस्पिटल, ती बिस्किटांची बोली डोक्यातून जात नाही. एका माणसाबद्दल एकच काहीतरी वाटावं की नाही?

१५ मार्च, शनिवार

सभेला न्यायला गोलकीपर भिंतीवरून उतरवला. चौकटीमागे भिंतीत कोनाडा, त्यात पत्र्याचा डबा. गादीखालचा! झाकणावर दादाचं अक्षर: 'विकायचं नाही'.

आत कार्डं. एकोणचाळीस. पाठीवर जांभळ्या पेन्सिलीने शाळेतल्या गिचमिड अक्षरात नंबर घातलेले, एकापासून चाळीसपर्यंत. सतरा नाही.

चौकट उघडली. गोलकीपर उलटा केला. सतरा.

कप्तान नाही, म्हातारी नाही, कुणी नाही. गोळ्यांच्या पाकिटातून निघालेलं, गादीखालचं कार्ड.

चाळीसही एकत्र केली, सवयीने टेबलावर आपटून सारखी केली. हाताला कळलं आधी, डोळ्यांना नंतर. एकही कोपरा बाहेर येत नव्हता. वेगवेगळ्या वर्षांची कार्डं, आणि सगळी एका मापाची! गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत, चाळीसही कार्डांवरून, केसाएवढी रेघ.

सगळं एकसारखं करून दिलं होतं मी. छापखान्यात 'एकसारखं कर' म्हणजे कटिंग मारून घे, दुसरा अर्थच नाही. फाटक्या कडा, गोल झालेले कोपरे असे घाणेरडे कसे द्यायचे दादाला वाढदिवसाला! गठ्ठा लावला, पातं खाली आणलं. एक मिनिटाचं काम. इतकं साधं की लक्षातसुद्धा राहिलं नाही.

एका मिनिटात त्याची शाळेपासूनची सगळी कार्डं मारून टाकली मी. आणि तो अल्बम उघडून गप्प बसला होता.

कोणीतरी जाणकार बघेल आणि मला सांगेल, म्हणून अल्बममधून काढून लपवली असणार. एकच भिंतीवर लावलं. तेवढं लावल्याशिवाय राहवलं नसणार! आणि कटिंगमास्तर म्हणवून घेतलं, इतकी वर्षं.

डबा मांडीवर घेऊन खूप रडले. पुतळ्याने बघू नये म्हणून त्याच्याकडे पाठ करून.

१६ मार्च, रविवार

सभा झाली. मोजू नका म्हटलं. वही टेबलावर ठेवली, चाळीस कार्डांचा गठ्ठा शेजारी. सांगून टाकलं: सह्या त्याच्या, कटिंग माझं.

नाव लागणार, दोन मतांनी. पोस्टमननी हात वर केला नाही. मोजपट्टींनी केला.

जिन्यात त्यांनी गाठलं. "बाई, मग ते कधी बोलले का नाहीत? की बहिणीने केलंय म्हणून?"

बोलला होता. वाढदिवसाच्या दिवशीच, गल्लीभर.