अंथरुणाची घडी

बाई, तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि मला मनातलं इंग्रजीत अजून लिहिता येत नाही, म्हणून हे माझ्याच भाषेत. अमेरिकेत पिस्कॅटवेला नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा मला नोकरीची परवानगी नव्हती. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, म्हणून वृद्धाश्रमात फुकट मदतीला जाऊ लागले. तिथे तुम्ही भेटलात, नव्वदी ओलांडलेल्या, लिपस्टिक लावल्याशिवाय नाश्त्याला न येणाऱ्या. मला इंग्रजी शिकवलंत, म्हणून मी तुम्हाला बाई म्हणायचे. मूकपटांत तुम्ही नायिका होतात, सोळाव्या वर्षी कामाला लागलात. बोलपट आले, तुमचा आवाज जाडा ठरवून त्या मेल्यांनी तुम्हाला घरी बसवलं. पुढे जन्मभर दुकानात हातमोजे विकलेत. सिनेमे बहुतेक जळाले, कुजले. एक तेवढा उरला होता.

त्याची टेप मी तुमच्या वाढदिवसाला शोधून आणली. काय मिरवत होते मी! सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. मूल गेलेली आई त्याचं अंथरूण आवरते, तो तुमचा सीन. पण त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने, सावकाश फिरवायचे, आणि टेप करणाऱ्याने ते लक्षात न घेता फिल्म आजच्या वेगाने पळवली होती. पडद्यावर तुम्ही तुरुतुरु पळताय, चटाचट घड्या घालताय. हॉल हसला. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी अशी चालले नव्हते. ती चाल बसवायला मला आठवडा लागला होता." नंतर खोलीत मला विचारलंत, आधी कोण हसलं? मी म्हटलं, दारातली नर्स. तुम्ही जाईपर्यंत तिच्याशी अवाक्षर बोलला नाहीत. ती मात्र रोज तुमचे केस विंचरत राहिली.

आज मुलीने लिंक पाठवली, ही तुझी म्हातारी मैत्रीण ना, असं विचारत. कुणीतरी तो सिनेमा दुरुस्त करून बरोबर वेगाने लावलाय. जेवणाच्या टेबलावर एकटीने पाहिला. अहो, किती हळू चालता तुम्ही! घडी घालता, थांबता, परत उलगडता, हात फिरवता. ते उलगडणं तेव्हा कुणाला दिसलंच नव्हतं. मला रडू आवरेना. कुणाला सांगावं तर नवरा जाऊन चार वर्षं झाली, मुलगी मीटिंगमध्ये. घर खायला उठतं हो.

हे पाठवणार तरी कुठे? त्या नर्सचाही पत्ता माझ्याकडे नाही. बाई, ती हसली नव्हती. आधी हसले ती मी.