आठव्या नावाची जागा

२ डिसेंबर

आधी सगळ्यांची खुशाली. माझा डावा गुडघा – कुरकुरतो, पण चालतो. उजवा – डाव्याचं बघून बिघडायला लागलाय. यांचे हात – तसेच. सकाळी कप बशीत नाचतो, दुपारी जरा शांत होतो. मांजरी – खाऊन आडवी. ब्रश – सगळे धुतलेले. तीन नंबरचा मात्र टकलू झालाय. आणि वही, तू? आठवडाभर तुला हात लावला नाही, रुसू नकोस.

लांब्या – माहीत नाही. त्याची खुशाली मी नेहमी शेवटी लिहिते आणि नेहमी हेच लिहिते. अकरा वर्षं झाली पोरगा गेल्याला. वर्षातून एक कार्ड, त्यावर दोन ओळी. ‘मी बरा आहे. तुम्ही काळजी घ्या.’ भांडण बापलेकाचं, एका पाटीवरून. कुठली पाटी, कुणाची पाटी – हे आजवर बोलले नाहीत. विचारलं की यांच्या तोंडाला कुलूप. मी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला पलीकडच्या खोऱ्यात होते. परत आले तर खोली रिकामी! त्याचा तो सतत खोकणारा मित्रही गावातून गेलेला.

का गेला, ते मला आतून ठाऊक आहे असं वाटतं. आईला कळतं. पण कळलेलं सांगायचं कुणाला? दोन ओळींच्या कार्डाला?

आज दवाखान्यातून सिस्टरचा फोन. बर्फात चालणारी नवी गाडी आलीय, पेशंट आणायला. दारावर मजकूर रंगवायचाय. मी म्हटलं, कुणाकडून? ती म्हणाली, “नेहमीचेच हो, काकू. हितचिंतक.”

नववं वर्ष! थांब्यावरचा बाक, शाळेची पाण्याची टाकी, दवाखान्यातले दोन पलंग – सगळीकडे ‘हितचिंतकांकडून’. पहिल्या तीन पाट्या यांच्या हातच्या, पुढच्या माझ्या. इतकी वर्षं मी ज्याचं नाव रंगवतेय तो आहे तरी कोण? गावात भलं करून तोंड लपवणारा माणूस मी तरी पाहिला नाही. इथे लोक दोन बटाटे दिले तरी चार दिवस सांगतात.

५ डिसेंबर

यांना विचारलं, हितचिंतक कोण? “मला काय ठाऊक!” – आणि लगेच वर्तमानपत्र. उलटं धरलेलं!

९ डिसेंबर

कळलं!! सुचेल तसं लिहिते.

सुट्ट्या लागल्या की जुन्या बर्फाच्या कारखान्यात तीन आठवडे केस कापतात. सगळं गाव जातं. पैशांच्या डब्यात वाटेल ते टाकायचं, काही जण फक्त थँक्यू टाकतात. मी कधी गेले नव्हते, माझे केस मीच कापते. (दिसतंच ते.) आज सिस्टर म्हणाली, “हितचिंतक बघायचेत ना? मग केस कापून या.”

गेले. कापणारी ती उंच, दणकट बाई – कात्रीबाई म्हणतात तिला. पूर्वी पुरुष होती असं लोक म्हणतात. मी तसं बोलून गेले, तर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, “पूर्वीही बाईच होते, काकू. फक्त पाटी चुकीची लागली होती.” मी हसले. पाट्यांचं मला कळतं!

केर काढायला गुरांचा डॉक्टर. त्याच्याबरोबर राहतात ते मास्तर टॉवेल धूत होते. वीस वर्षं दोघं एका घरात – भाडं वाचतं म्हणून, असं गाव म्हणतं. इतकं भाडं वाचवलं असतं तर एव्हाना दोघांनी अख्खा डोंगर विकत घेतला असता. माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही? डोळे होते, बघितलं नाही.

बेकरीवाली सगळ्यांची म्होरकी. डब्यातल्या पैशांतूनच गावाला टाकी, पलंग, गाडी – हेच हितचिंतक! शेजारच्या खोऱ्यांतूनही माणसं आलेली. कुणी तीन तास बर्फातून चालत. ती म्हणाली, “वर्षभर एकेकटे असतो हो. हे तीन आठवडे आमचे.” दिवसा गावाचे केस, शेवटच्या रात्री दार लावून आपलं जेवण. मी विचारलं, तुम्हाला म्हणायचं तरी काय? तिने सांगितलं – गे, लेस्बियन, ट्रान्स. मी चिठ्ठीवर उतरवून घेतलं. रंगवायला सोपे शब्द आहेत, मला उगाच अवघड वाटले होते.

एक प्रश्न जिभेवर होता. विचारला नाही.

१० डिसेंबर

हे म्हणाले, “केस बरे कापलेत.” कुठे कापले, ते विचारलं नाही.

१४ डिसेंबर

बेकरीवाली येऊन गेली. सुट्टीच्या जेवणाला ताटांपुढे ठेवायला नावांची कार्डं हवीत, सुंदर अक्षरात. मी लगेच हो म्हटलं. आणि गाडीच्या दारावर यंदा नावं घालायची की नाही, यावर त्यांची वादावादी चाललीय. कात्रीबाई म्हणते, नऊ वर्षं चोरासारखं दान केलं, पुरे! मास्तर म्हणतात, मला तीस पोरांच्या तीस बापांना तोंड द्यायचंय. “ठरलं की चिठ्ठी पाठवते, काकू.”

जाताना यांच्याकडे बघून म्हणाली, “काका, हात कसे आहेत?” ओळखीच्या आवाजात. हे चपला शोधायला लागले – पायात होत्या.

१६ डिसेंबर

पावाच्या पिशवीतून चिठ्ठी आली. दवाखाना बंद होता, दुपारभर गाडी माझीच. अकरा नावं, दोन रांगांत. पांढऱ्यावर निळी. हात एकदाही अडखळला नाही. म्हणजे ठरलं त्यांचं! धीराची माणसं.

१७ डिसेंबर

काय करून बसले मी!

सकाळी हे गोळ्या आणायला दवाखान्यात गेले. आले ते चुन्यासारखे पांढरे. “काय रंगवलंस ते वाचलंस का?”

नाही वाचलं. मी रंगवताना वाचत नाही. अक्षरओळख मला शाळेत झाली नाही, यांच्या कागदांवर झाली – आधी आकार, मग अर्थ. आजही चिठ्ठी उलटी ठेवून मजकूर कागदावर काढते, कागदही उलटाच ठेवते आणि सुईने रेघेवर भोकं टोचते. उलटं असलं की डोळा शब्दामागे धावत नाही, गोलाई चुकत नाही. मग तो कागद दारावर लावून खडूच्या पुरचुंडीने थोपटायचा, ठिपके उमटतात, ठिपके भरायचे. वाचायला गेलं की हात थरथरतो. हे यांनीच शिकवलं.

पिशवीत चिठ्ठ्या दोन होत्या. दुसरी तळाला, पावाखाली. तिच्यावर एकच शब्द – ‘हितचिंतकांकडून’. म्हणजे नावं घालायची नाहीत असं ठरलेलं! मी जी रंगवली ती जेवणाच्या ताटांची यादी. दार लावून जेवणाऱ्यांची नावं मी दवाखान्याच्या दारात टांगली!

“आणि आठवं नाव वाच,” हे म्हणाले.

यादी समोर धरली. आठवं नाव लांब्याचं.

तशीच टर्पेंटाइनची बाटली घेऊन धावले. गुडघे कुठे गेले कळलं नाही. सिस्टरने गाडी आधीच भिंतीला चिकटवून उभी केली होती. “तिघांनी वाचलं,” म्हणाली. “दोन म्हाताऱ्या, त्यातल्या एकीचा चष्मा घरी. आणि ड्रायव्हर. तो म्हणाला, गाडी दिली ना? मग माझ्यासाठी ते परके नाहीत, मालक आहेत.”

थंडीत ऑइलपेंट दोन दिवस ओला राहतो, एवढंच नशीब. बेकरीवालीला निरोप धाडला. ओरडेल वाटलं. ती गाडी आणि भिंतीमधल्या फटीत शिरून दाराकडे बघत राहिली. म्हणाली, “आमची नावं एकत्र लिहिलेली मी पहिल्यांदाच बघतेय. थांबा, लगेच पुसू नका. ज्याचं त्याला विचारू.”

दिवसभर एकेक जण आला. त्या फटीत उभं राहायचं, आपलं नाव बघायचं आणि मला सांगायचं – ठेवा, किंवा पुसा. मी बोळा घेऊन उभी, न्हाव्यासारखी. कात्रीबाई – “ठेवा. आणि जरा जाड करा!” बेकरीवाली – ठेवा. चालत आलेली एक पोरगी स्वतःच्या नावावरून, रंगाला न टेकवता, बोट फिरवत राहिली, मग रडत म्हणाली, पुसा. पुसलं. मी तिला जवळ घेतलं, तिच्या कोटाला निळा डाग लागला. मास्तर आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुसा, काकू. अजून तीन वर्षं नोकरी आहे.” मी माफी मागायला तोंड उघडलं, तर माझाच हात थोपटून गेले. मागून गुरांचा डॉक्टर – “माझं ठेवा. लोक म्हणतील आता भाडं एकटाच भरतो.”

सहा राहिली, चार पुसली.

आठवं उरलं. त्याला विचारणार कसं? फोनची तार बर्फाने तुटलेली. बेकरीवालीने तेव्हा सांगितलं – हे सगळं लांब्याने सुरू केलं. पहिला बाक त्याने परगावातून पाठवलेल्या मदतीतून. तो येत नाही, पण दर महिन्याला तिला पत्र. चार-चार पानं. “दर वर्षी त्याचं ताट मांडतो.”

आम्हाला दोन ओळी, तिला चार पानं. बरोबरच आहे. जिथे वाचणारं असतं तिथे माणूस लिहितो.

आणि हे! हे गाडीला हात टेकून म्हणाले, “राहू दे त्याचं. गाव बघू दे.” अकरा वर्षांनी! मला यांचे पाय धरावेत आणि यांना बदडावं, दोन्ही वाटलं. पण म्हटलं, “अहो, नाव तुम्ही ठेवलंत म्हणून ते तुमचं होत नाही. त्याला विचारल्याशिवाय कुठल्याच दारावर नाही.”

पुसलं. माझ्या हाताने. हे तिकडे तोंड करून उभे राहिले.

१८ डिसेंबर

चार जागी पानांची नक्षी काढली, तळाला ‘आणि इतर हितचिंतक’. आठवी जागा कोरी ठेवली. सिस्टर म्हणाली, इथे विसरलात. म्हटलं, नाही विसरले.

२७ डिसेंबर

जेवायला बोलावलं होतं. मी एकटीच जाणार होते. हे मफलर गुंडाळून दारात उभे – “रस्ता निसरडा आहे, तू पडशील.” कोण कुणाला धरून चाललं ते बर्फालाच माहीत.

लांब टेबल, गरम सूप, पाव, माझी कार्डं. कारखान्याच्या भिंतींना अजून गारवा, पण माणसांनी खोली उबदार केलेली. एकाने पेटी वाजवली, मास्तर नाचले! तेच मास्तर! डॉक्टर टाळ्या वाजवत बसला होता, डोळे मिटून. मी सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावलं – कधी कळलं, कुणाला आधी सांगितलं, आई काय म्हणाली. आई काय म्हणाली, हे जास्तच विचारलं. कात्रीबाई म्हणाली, “काकू, परीक्षेला बसताय का?” म्हटलं, हो. उशिरा फॉर्म भरलाय.

आम्हाला लांब्याच्या ताटाच्या दोन बाजूंना बसवलं. यांनी पाव मोडला आणि अर्धा त्या रिकाम्या ताटात ठेवला. हात थरथरत होता, ताट वाजत राहिलं. मग बेकरीवाली म्हणाली, “काका, अजून सूप?”

२९ डिसेंबर

रस्ता उद्यापासून बंद. आजच्या शेवटच्या टपालाने पत्र गेलं. नक्कल इथे ठेवते, वही, म्हणजे शब्द हरवायचे नाहीत.

‘लांब्या, सकाळी तुझ्या बाबांनी पलंगाखालची पेटी ओढली. सगळ्यात तळाला गुंडाळलेला कागद. तुमच्या सायकलच्या दुकानाची पाटी – तुझं नाव, ‘आणि’, त्याचं नाव. दोन पुरुषांची नावं एका पाटीवर कशी, म्हणून त्यांनी नाही म्हटलं, असं आज पहिल्यांदा मला सांगितलं. पण बाळा, कागद टोचलेला आहे. शेवटच्या अक्षरापर्यंत. तू गेलास त्याच रात्री टोचला म्हणतात. खडूचा एक कण त्यावर नाही, अकरा वर्षं तसाच. आता हात चालत नाहीत, पण म्हणतात, खडू थोपटायला थरथर चालते. रंग मी भरीन. गाडीवरची जागाही कोरी ठेवलीय – हो म्हण, नाही म्हण, तुझी मर्जी. तुम्ही दोघं बरे आहात ना? त्याला खोकला व्हायचा, तो गेला का? दोन ओळी नकोत. लवकर लिही.’