हाकेचा पाला

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! सान क्रिस्तोबालहून ट्रकमध्ये कोबीच्या पोत्यांवर बसून, कंबरेचा पार भुगा करून घेत. हे आईचं गाव. ती गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. पुढे नन्सच्या वसतिगृहात वाढले. इथं मला ओळखणारं कुणीच नाही. पण जिच्याकडे राहायचंय त्या लोशा आजीनं दारातच मक्याची गरम पेज हातात दिली आणि म्हणाली, शहरात काय उपाशी ठेवतात का गं, नुसती काडी झालीस! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.
काम एकच, हाकेचा पाला. भेदरून खंगलेल्या माणसाला आजी तो देते आणि माणूस उठून बसतो. कुणी त्याचा धड अभ्यासच केलेला नाही. मी करणार.

६ फेब्रुवारी
ओढ्यात पडल्यापासून थरथरणारी एक बाई आणली होती. आजीनं तिला पाल्याचा काढा पाजला, मनगटांवर ओला पाला मारला आणि रिकाम्या भोपळ्यात तोंड घालून तिच्या नावानं हाका मारल्या. संध्याकाळी बाईनं घेवडा खाल्ला, वर नवऱ्याशी कडाकडा भांडलीसुद्धा! नाडी मी स्वतः पाहिली होती. पाल्यात काहीतरी आहेच. आजी म्हणे, पाला नुसती वाट उघडतो. जीव परत यायला हाक लागते.

१० फेब्रुवारी
डोंगरावरच्या झऱ्यावर एकटीच पाला खुडायला गेले. आजीनं बजावलं होतं, तिथून उठताना स्वतःला हाक मारायची, चल घरी म्हणायचं, नाहीतर जीव मागे राहतो. आणि आई हाक मारायची त्याच नावानं. कागदावरचं नाव जिवाला कळत नाही.
धुक्यात पाय सटकला, दणकन आपटले. उठून ओरडले, दोमिंगा, चल घरी!
दोमिंगा हे नन्सनी ठेवलेलं नाव. आई मला काय म्हणायची, ते आठवतच नाही. आजीला हे सांगायची लाज वाटली.

१४ फेब्रुवारी
भूक मेलीय. हात गार. दुकानात साबण मागितला तर गल्ल्यावर बसलेली आजीची सून माझ्या मागच्या बाईला विचारायला लागली, काय हवं. मी ओरडले तेव्हा दचकून म्हणाली, अगं बाई, तू कधी आलीस? हसले मी. पण घरी येताना एकही कुत्रं भुंकलं नाही.

१७ फेब्रुवारी
आजीला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, वेडे, आधी नाही का बोलायचं! पाला दिला, भोपळ्यात दोमिंगा दोमिंगा करून घसा बसवला. काही नाही. गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना विचारून आली. माझं नाव कुणालाच आठवत नाही. आजी रडली. डोंगरावरून हाक आली तर ओ देऊ नकोस म्हणाली. तिथं मागे राहिलेले असतात, त्यांना सोबत हवी असते.

१९ फेब्रुवारी
आजीनं आज एकटीपुरत्याच मक्याच्या तोर्तिया भाजल्या. मी समोरच बसले होते.

२० फेब्रुवारी, दुपार
धुकं दारापर्यंत आलंय. हाक येतेय. दोमिंगा नाही. दुसरंच — इवलंसं — अगं बाई, हेच! हेच म्हणायची ती, वेणी घालताना —
आजी शेजारीच शेंगा सोलतेय. तिला ऐकू येत नाही. मी तिचा खांदा हलवला. तिनं वारा लागल्यासारखी शाल ओढून घेतली.
ओ द्यायची नाही. ओ द्यायची नाही.
पण इतक्या वर्षांत मला कुणी त्या नावानं —
पुन्हा. अगदी दाराशी. आवाज तिचाच —
आले गं आई, आ