महादेव नसलेली गळती

तीर्थरूप अक्कांना बीडहून मनकर्णाचा पाया पडून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? घाटनांदूरला पाऊस झाला का? इथे ढग येतात, बघतात आणि निघून जातात. माझी तब्येत बरी आहे. जेवते, झोपते, वाचनालयातून पुस्तक आणते. लग्नात मला फक्त सही येत होती आणि बाकीचं मी किराण्याच्या पुड्या उलगडून वाचत शिकले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा पत्र लांबलं तर सांभाळून घ्या. फोन करणार होते, पण फोनवर तुमचा आवाज ह्यांच्यासारखा येतो आणि मग माझ्याने बोलवत नाही.

तुमचा निरोप पोचला. ह्यांचं वर्षश्राद्ध घाटनांदूरला करायचं, मासा आणि टाकी कुणाला तरी देऊन टाकायची आणि हे घर बंद करून मी तुमच्याकडेच राहायचं. तुमची माया मला कळते. पण मला येता येत नाही. टाकी गळते आहे.

ती टाकी तुम्ही पाहिली आहे. मासे बघत बसलं की रक्तदाब उतरतो, असं डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं. घरावर येणारं संकट मासा स्वतःवर घेतो, अशी भर दुकानदाराने घातली. मग एकेक मासा मेला की हे समाधानाने म्हणायचे, "टळलं बघ एक." (कोणतं टळलं ते कधी कळलं नाही. मिक्सर तरीही जळला आणि छतही फुगलं.) शेवटी एकच उरला, नारिंगी, सतत काहीतरी पुटपुटल्यासारखं तोंड हलवणारा. पाळी त्याची होती. तो राहिला आणि हे गेले. माझा त्याच्यावर राग आहे, अक्का. पण संध्याकाळी या घरात माझ्याशिवाय हलणारं तेवढंच आहे.

तर श्रावण लागला आणि टाकीच्या खालच्या सांध्यातून थेंब पडायला लागले. मी साबण दाबून बसवला, त्याचा फेस झाला. मेणबत्तीचं मेण लावलं, ते सुटून आलं. मग खाली गंगाळ ठेवलं. टाकीतलं पाणी उतरायला लागलं तसा मला घोर लागला आणि मी मासा काढून पातेल्यात ठेवला. पातेलं तेराव्याला खीर केली तेच, कारण घरात तेवढं मोठं दुसरं नाही. ते ओट्यावर ठेवलं, कारण खाली मांजर येतं.

शेजारच्या मंजुळाबाईंनी भिंतीवरून विचारलं, कालपासून दिसला नाहीत. मी म्हणाले, घरात गळती लागली आहे. तिथेच चुकलं. श्रावणी सोमवार होता आणि मंजुळाबाईंना गळती एकच माहीत, महादेवाच्या पिंडीवर टांगतात ते भांडं, बुडाला बारीक भोक असलेलं. मनकर्णाबाईने मालकाच्या शांतीसाठी घरात गळती लावली, असं त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलं.

दुपारी बायका आल्या. बेल, दूध, पांढरी फुलं, सगळं घेऊन, चपला दाराबाहेर काढून, पदर डोक्यावर ओढून. थेंब पडत होता, गंगाळ होतं, फक्त महादेव नव्हता. त्यांच्यातल्या सावित्रीबाई पिंड शोधत स्वयंपाकघरात गेल्या आणि पातेल्यात डोकावून तिथेच थांबल्या.

"मनकर्णाबाई, श्रावणात?" त्या म्हणाल्या. "आन् तेबी जित्ता?"

सगळं समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडला. (अर्ध्या जणींना अजून पटलेलं नाही. सावित्रीबाई आमच्याकडे पाणी पीत नाहीत.) मंजुळाबाईंना मात्र बेल माघारी न्यायचा नव्हता, म्हणून त्यांनी तो टाकीच्या झाकणावरच वाहिला. दूध मी ओतू दिलं नाही. त्याचा चहा केला.

मग त्या बसल्या. तेराव्यानंतर इतक्या जणी या घरात पहिल्यांदाच बसल्या. चहा पीत सगळ्या थेंब ऐकत राहिल्या. तेवढ्यात ह्यांचा विषय निघाला. मंजुळाबाई म्हणाल्या, "भाऊ लई हळू बोलायचे. माशाशी बोलताना दिसायचे, पर काय म्हणत्यात ते आमाला कधी ऐकू आलं न्हाई."

ऐकू मलाही आलं नव्हतं. मी कप गोळा केले.

तर असं आहे. गंगाळ भरलं की ते ओतायला माणूस लागतं. (पाणी वाया जात नाही, तुळशीला जातं. तुळस इतकी माजली आहे की मला लाज वाटते.) टाकी गळते तोवर घर सोडता येत नाही. राग नसावा. सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची भावजय,
मनकर्णा

ता. क. टाकी आता गळत नाही. काचेच्या दुकानातल्या शहादेवने येऊन ती रिकामी केली, सिलिकॉन भरलं, वाळू दिलं. मी पत्र लिहायला बसले तेव्हाही खाली कोरडंच होतं. गंगाळ मी उगीच ठेवलं आहे. खरं कारण हे, की मला टाकी द्यायची नाही आणि घर बंद करायचं नाही. वर्षश्राद्ध इथेच करू. तुम्ही या. एसटीत पुढची जागा धरा, गुडघ्यांना त्रास होणार नाही.

आणखी एक. मासा खात नाही. हे काचेवर बोट टेकवून काहीतरी म्हणायचे आणि तो वर यायचा. वर्षभर तो माझी पाठ वळली की खायचा. पातेल्यातून परत सोडल्यापासून तेही बंद झालं. दाणे तळाशी जातात आणि तो कोपऱ्यात उभा असतो. मी ये म्हणून पाहिलं, बाळा म्हणून पाहिलं, रागावूनही पाहिलं. ह्यांचा तो शब्द मला माहीत नाही. तेव्हा मी आत असायची आणि कुकर वाजत असायचा. तुम्ही एकदा सांगितलं होतं, लहानपणी हे हाक मारायचे तर वासरू गाय सोडून पळत यायचं. तीच हाक असणार. ती लिहून कळवू नका, फोनवरही नको. लवकर या आणि काचेजवळ बसून एकदा म्हणून दाखवा. त्या दिवशी मी कुकर लावणार नाही.