जरा डावीकडे सरक

ती. ताईंस,

पत्रातून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात कंबर धरली आहे. ट्रायपॉड एकट्याने उचलल्याचा परिणाम. पण ही तक्रार नव्हे, नुसती माहिती.) इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. साडूभाऊंचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी जिना उतरताना ते दर पायरीला 'आई गं' म्हणत होते. आता किती पायऱ्यांमागे एकदा म्हणतात ते कळवावं. तुमचा रक्तदाब आटोक्यात असेलच. हे पत्र वाचताना चढला, तर आधी गोळी घ्या आणि मग पुढे वाचा. तुमच्या धाकट्या बहिणीची खुशाली विचारायला हवी, पण गेले अकरा दिवस ती तुमच्याच घरी आहे आणि माझा फोन उचलत नाही, तेव्हा ती कशी आहे हे माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक.

तिची बाजू तुम्ही ऐकली असेलच. माझी बाजू मांडावी म्हणून मी कागद पुढे ओढला खरा, पण मांडायला बसल्यावर माझ्या बाजूला फारसं काही सापडेना. तरी निदान माझ्या धंद्याचं स्वरूप सांगतो, म्हणजे हा गाढवपणा अंगात मुळात नव्हता, कष्टाने कमावलेला आहे, एवढं तरी पटेल. ताई, लोकांना वाटतं की निसर्गाचा आणि शहरांचा फोटोग्राफर म्हणजे फोटो काढणारा माणूस. साफ खोटं. तो माणसं बाजूला होण्याची वाट बघणारा माणूस असतो. पूल असला की त्यावर कुणीतरी रेलून उभं असतं. जुनी गल्ली असली की कुणीतरी नेमकी तेव्हाच गादी उन्हात घालायला आणतं. माझ्या शहरांच्या फोटोंत 'विलक्षण शांतता' असते असं एका टीकाकाराने लिहिलं होतं. (कात्रण तुम्हाला पाठवलं होतं, दोनदा.) ती शांतता पहाटे पाचची असते. लोक उठलेले नसतात, एवढंच तिचं गुपित आहे.

एकदा एका मोठ्या चौकात संध्याकाळच्या उन्हाची वाट बघत मी तीन तास उभा होतो. सगळा चौक रिकामा झाला, पण मधल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ काही केल्या उठेनात. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होतो. शेवटी उन्हं सोनेरी झाली आणि देवाने ऐकलं म्हणावं तसे ते उठले. उठले आणि सरळ माझ्याकडे आले. हा माणूस बिचारा कुणाची तरी वाट बघतोय आणि ते कुणी येत नाहीये, असं त्यांना वाटलं होतं. ते निवृत्त पोस्टमन निघाले. माझा हात हातात घेऊन त्यांनी अर्धा तास माझं सांत्वन केलं, आणि तेवढ्यात ऊन गेलं. हा किस्सा मी कितीतरी ठिकाणी सांगून हशा मिळवलाय. त्यात हसण्यासारखा माणूस कोण, हे मात्र परवापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता तुमच्या बहिणीच्या कामाविषयी. खरा फोटो काढण्याआधी उजेड तपासायला दोनचार फोटो काढून बघावे लागतात, आणि त्यासाठी समोर कुणीतरी उभं राहावं लागतं. पंचवीस वर्षं ती उभी राहिली. धबधब्यासमोर, किल्ल्यांच्या दारांत, रिकाम्या रेल्वे फलाटांवर, आणि एकदा तर ताप अंगात असताना मिठागरात. उजेड जमला की मी म्हणायचो, 'जरा डावीकडे सरक.' ती सरकायची, मी खरा फोटो काढायचो, आणि संध्याकाळी कॅमेऱ्यातली जागा मोकळी करायला तिचे सगळे फोटो पुसून टाकायचो. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. उलट आमची जोडी किती छान जमली आहे, असंच मी चारचौघांत सांगायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर वळसा घालताना कळसा ट्रायपॉडच्या डाव्या बाजूला ठेवून येत होतो.

तर तळ्याची हकिकत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कुठेतरी जाऊ या, असं तीच म्हणाली. जागा मी निवडली. (उत्तरेकडे डोंगर, सकाळी वारा नाही, पाण्यात प्रतिबिंब स्वच्छ. तिने फक्त तिथे चहा बरा मिळतो का, एवढं विचारलं होतं.) तिने त्या प्रवासासाठी पिवळा कोट घेतला होता. सकाळी ती तो घालून काठावर उभी राहिली तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहायला लाज वाटते, पण तुम्हाला ते तोंडपाठ झालं असणार, तेव्हा लपवून उपयोग नाही. मी म्हणालो, 'हा रंग पाण्यात पडतोय.' मग कॅमेऱ्याला डोळा लावला आणि डाव्या हाताने तिला सरकायची खूण केली. ती म्हणाली, 'इथे?' मी हात हलवला. ती म्हणाली, 'अजून?' मी परत हात हलवला. 'आता इथे तरी?' असंही ती लांबून म्हणाल्याचं आठवतं. डोळा मी वर उचलला नाही, कारण ढग डोंगराच्या शेंड्यावर यायला आला होता आणि ढगांना बायकोइतका धीर नसतो.

मग फ्रेम स्वच्छ झाली. ताई, खरं सांगतो, मला आनंद झाला. दोन तास मी फोटो काढत होतो. मधे थर्मासमधला चहा घेतला, 'काय उजेड पडलाय बघ' असं मोठ्याने म्हणालो. उत्तर आलं नाही, म्हणजे तिला पटलं असणार असं मी धरून चाललो. (पंचवीस वर्षं मी असंच धरून चाललोय.) ट्रायपॉड मिटताना बॅग धरायला कुणी नाही हे जाणवलं, तेव्हा कुठे मान वर केली. काठ रिकामा होता. डावीकडे, माझ्या हाताने दाखवलेल्या नेमक्या दिशेला, लांबवर बसथांबा होता.

आधी मला ती पाण्यात पडली असं वाटलं. त्या पाच मिनिटांत मी काय केलं ते विचारू नका. बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरलो आणि तिला हाका मारत सुटलो. मासे धरणारा एक जण शांतपणे म्हणाला, 'पिवळ्या कोटवाल्या बाई ना? त्या मघाशीच बसने गेल्या. मला हात करून गेल्या की.' म्हणजे मासे धरणाऱ्या परक्या माणसाने तिला जाताना पाहिलं, आणि डोळे लावून बसायचाच धंदा ज्याचा, त्या मला पत्ता नाही. ओल्या बुटांनी फचफच करत हॉटेलवर गेलो. तिथल्या बाईंनी माझ्या बुटांकडे बघत, ती सामान नेताना ठेवून गेलेली चिठ्ठी दिली. तिच्यावर एकच ओळ होती: 'आता फ्रेम स्वच्छ असेल.' कन्येला फोन केला, तर ती म्हणाली, 'बाबा, मला काही सांगू नकोस. मी पण तुझ्या फ्रेममधून सरकत सरकतच हॉस्टेलला आलेय.'

त्या दिवशी फोटो पुसायचे राहिले. घरी आल्यावर उघडले, तेव्हा खऱ्या फोटोंच्या आधी तिचे चौदा निघाले. पंचवीस वर्षांत मी काढलेल्यांपैकी उरलेले तिचे हे एवढेच. पहिल्यात ती हसते आहे. कोटाचा पट्टा नीट केलाय, केस कानामागे घेतलेत, थोडी लाजल्यासारखीही दिसते. ताई, तिला वाटलं मी तिचाच फोटो काढतोय. दुसऱ्यात हसू अजून आहे, पण मान वळली आहे. पाचव्यात ती काहीतरी विचारते आहे. सातव्यापासून पाठ. चौदाव्यात अगदी डाव्या कडेला, लांबवरच्या बसच्या दारात नखाएवढा पिवळा ठिपका. हे सगळं मी स्वतः बटण दाबून टिपलं आणि मला काहीही दिसलं नाही. मला रडू आलं, हेही तिला सांगायला हरकत नाही. सांगाच.

बाकी विशेष काही नाही. साडूभाऊंना नमस्कार. पाऊस-पाणी, भाजी-भाकरी यांविषयी लिहिण्यासारखं सध्या माझ्याकडे काही नाही, कारण मी गेले अकरा दिवस अंडी खातो आहे.

आपला,
डाव्या हाताचा मेहुणा

ता. क. पहिला फोटो सोबत पाठवतो. तिला दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. क्षितिज वाकडं आहे आणि तिची पावलं कापली गेली आहेत. सरळ करता आलं असतं, केलेलं नाही.

ता. क. दुसरा. दिनदर्शिका छापणाऱ्या गृहस्थांना मी स्वच्छ फ्रेम दाखवली. त्यांनी जांभई दिली. मग चुकून चौदावा फोटो त्यांच्यासमोर आला, तर खुर्चीवरून उठले. म्हणाले, 'या ठिपक्यामुळे तर तळं केवढं आहे ते कळतंय.' त्यांना तो डिसेंबरच्या पानावर हवा आहे आणि त्यासाठी तिची लेखी परवानगी लागते. हे वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे एवढं पत्र या सहीसाठी होतं! तसं नाही. परवानगीचा कागद मी पाकिटात घातला, काढला, पुन्हा घातला. शेवटी काढला. पाकीट चाचपून बघा. असलाच तर फाडून टाका.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. आम्ही नव्या घरात राहायला आलो तेव्हा तुम्ही आमचा दोघांचा फोटो काढला होता आणि त्यात दोघांचीही डोकी नव्हती. मी तो सगळ्यांना दाखवून 'शिंप्याच्या दुकानात लावा' म्हणालो होतो. माफ करा. आज तो माझ्या टेबलावर आहे, कारण शेजारी शेजारी उभे असलेले आम्ही मला दुसरीकडे कुठे सापडलो नाही. येत्या रविवारी सकाळच्या बसने मी येतो आहे. कॅमेरा घरी ठेवून येईन. तुमच्या फोनवर आमचा एक फोटो काढाल का? डोकी कापली गेली तरी चालतील, माझं तर कापलंच पाहिजे. तिला पिवळा कोट घालायला सांगा. मी ती म्हणेल तिथे उभा राहीन, ती म्हणेल तिकडे सरकेन. फक्त तुमच्या घराच्या डाव्या बाजूला बसथांबा नाही ना, तेवढं उलट टपाली कळवा.